तिरप्या घराचा हिशेब

घोडा अडीच घरे चालतो, ही गोष्ट मराठी माणूस पाढे पाठ होण्याच्या आधी शिकतो आणि मग जन्मभर तिचा विचार करीत नाही. अडीच म्हणजे दोन पूर्ण आणि एक अर्धे. पण पटावर अर्धे घर आखलेले असते कुठे? चौसष्टच्या चौसष्ट घरे पूर्ण. मग घोडा हे अर्धे घर आणतो कुठून, आणि चाल संपल्यावर ठेवतो कुठे? मी कॉमर्सचा पदवीधर. त्यातून बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेला. दिवसअखेर कॅशमध्ये एका रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत आम्हांला घर दिसत नाही. आणि इथे एक जनावर भरदिवसा अर्धे घर खाऊन चालले आहे, तरी शेकडो वर्षांत एकाही ऑडिटरने आक्षेप घेतलेला नाही!

हा प्रश्न माझ्या डोक्यात निष्क्रिय खात्यासारखा पडून राहिला असता. ना व्यवहार, ना तक्रार. पण आमच्या चिरंजिवांनी ते खाते चालू केले.

चिरंजीव इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. थेरगावात राहणाऱ्याचा मुलगा इंजिनियरिंगलाच असायचा. एकीकडे भोसरी, त्यापलीकडे चाकण, पाठीशी हिंजवडी असा वेढा पडलेला असताना मूल संस्कृत घेऊन बी.ए. करील, ही अपेक्षाच गैर. तर दर शनिवारी रात्री चिरंजिवांचे चार मित्र येतात, आमचे जेवणाचे टेबल ताब्यात घेतात, त्यावर चौकोन आखलेली एक प्लॅस्टिकची चटई पसरतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत राक्षस मारतात. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. म्हणजे तळघरे आणि त्यांत राहणारे पंखवाले साप. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली तो बाजारात आणला.

यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. मग त्या पात्राच्या तोंडाने बोलायचे, त्याच्या डोक्याने वागायचे. एक जण सूत्रधार होतो. राक्षस, दरवाजे, हवामान आणि सगळ्यांचे नशीब त्याच्याकडे. थोडक्यात, बँकेतला मॅनेजर. फक्त हा अधूनमधून हसतो. बाकी सगळे तोंडी चालते आणि अडले की फासा टाकतात. फासाही साधा नाही, वीस बाजूंचा. शकुनीमामाच्या हाती हा लागला असता तर द्यूत एका डावात आटोपले असते आणि महाभारत बरेच आटोपशीर झाले असते.

पात्रे बोलत असतात तोवर चटई रिकामी. मारामारी सुरू झाली की सोंगट्या चटईवर उतरतात. बाहेर या सोंगट्या सुबक रंगवलेल्या मिळतात म्हणे. आमच्याकडे शर्टाची बटणे आणि सोड्याची बुचे लढतात. राक्षस आकाराने मोठा, तो नियमाप्रमाणे चार घरे अडवतो. तिथे सौभाग्यवतींची हिंगाची डबी नेमकी बसते.

आता आकडे सांगतो, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. चटईवरचे एक घर म्हणजे पात्रांच्या जगातले ५ फूट बाय ५ फूट. एक फेरी म्हणजे ६ सेकंद. साधा माणूस एका फेरीत ३० फूट, म्हणजे ६ घरे चालतो. मी लगेच गुणाकार केला: ताशी साडेपाच किलोमीटर. बरोबर आहे. कोथिंबीर संपायच्या आत मंडईत पोचायचे असले की मीही याच वेगाने जातो. चालण्याखेरीज दुसरे काहीच करायचे नाही असे ठरवले तर दुप्पट, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. संध्याकाळी सहा वाजता डांगे चौकात हा वेग मिळाला तर लोक गाडीतून उतरून पेढे वाटतील.

एका माणसाला २५ चौरस फूट ही गोष्ट मात्र मला पटेना. आमचा फ्लॅट ६०० चौरस फुटांचा. म्हणजे चोवीस घरांचा. त्यात आम्ही पाच माणसे, दोन पलंग, एक फ्रिज आणि सौभाग्यवतींच्या माहेरचे कपाट. हे कपाट राक्षसाच्या वर्गात मोडते. बिल्डरने माहितीपत्रकात या जागेला 'प्रशस्त' म्हटले होते. त्याने कुठल्या चटईवर मोजले होते कोण जाणे!

तर एका शनिवारी साडेअकराच्या सुमारास बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. मी उठून पाहतो तो टेबलाशी दोन तट पडलेले. मांत्रिक एका कोपऱ्यात राक्षसाच्या तावडीत सापडलेला. योद्धा समोरच्या तिरप्या कोपऱ्यात. मध्ये तिरपी सहा घरे.

"सहा घरं आहेत ना? मग पोचला!" एक तट.

"अरे, तिरपी आहेत! पायथागोरस काय म्हणेल?" दुसरा तट.

"पायथागोरस आपल्यात खेळत नाही."

"बाबा, तुम्ही बँकेत आहात ना? तुम्ही सांगा."

मुलाने बापाला आपण होऊन काही विचारावे, हा योग एकोणिसाव्या वर्षी दुर्मीळ असतो. मी चष्मा घेऊन बसलो.

५ फुटांच्या चौकोनाचा कर्ण ७ फुटांहून थोडा जास्त. सहा कर्ण म्हणजे जवळजवळ साडेबेचाळीस फूट. माणसाला मुभा ३० फुटांची. म्हणजे तिरपे जाणाऱ्याला बारा-साडेबारा फूट फुकट. एक्केचाळीस टक्के! मुदतठेवीवर आम्ही एवढे व्याज जाहीर केले तर रांग वाकडपर्यंत जाईल, आणि रांगेच्या पाठोपाठ पोलीस येतील.

"म्हणजे काका," मांत्रिक झालेला मुलगा म्हणाला, "या जगात सरळ जाणारा मागे पडतो आणि तिरपा जाणारा पुढे निघतो. काही रिअ‍ॅलिझमच नाही!"

मी म्हटले, "बाळा, बावीस वर्षांच्या नोकरीत वास्तवाशी इतका जुळणारा नियम मी दुसरा पाहिलेला नाही."

पण मुलांना बढतीच्या राजकारणाशी कर्तव्य नव्हते. त्यांना फुटांचा हिशेब हवा होता. तेव्हा मी त्यांची नियमपुस्तके मागवून घेतली. परिपत्रके वाचायची सवय असलेल्या माणसाला कुठलेही पुस्तक जड जात नाही.

हा वाद थेरगावात पहिल्यांदा झालेला नाही, असे त्यातून निघाले. खुद्द खेळ काढणाऱ्यांनी त्यापायी अनेकदा कोलांट्या घेतल्या आहेत. २००० साली तिसरी आवृत्ती आली. तिच्यात पहिले तिरपे घर ५ फुटांचे धरायचे, दुसरे १० फुटांचे, तिसरे पुन्हा ५, चौथे १०. सरासरी साडेसात. म्हणजे ३० फुटांत चार तिरपी घरे होतात आणि खरे अंतर पडते २८ फुटांच्या जरा वर. चूक एक्केचाळीस टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आली, आणि तीही गिऱ्हाइकाच्या विरुद्ध. मला हा नियम वाचताक्षणी घरचा वाटला.

पण लढाईच्या भरात 'पाच, दहा, पाच, दहा' मोजायचा लोकांना कंटाळा आला असावा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हिशेबच काढून टाकला. तिरपे घर सरळ घराएवढेच. याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. वर्तुळ म्हणजे मध्यापासून सारख्या अंतरावरच्या सगळ्या जागा, हे आपण शाळेत शिकतो. तिरपे आणि सरळ सारखेच धरले की सारख्या अंतरावरच्या या सगळ्या जागा मिळून चौकोन होतो! मांत्रिकाने फेकलेला अग्निगोल चटईवर चौकोनी फुटू लागला. दिवाळीत भुईचक्र लावावे आणि ते काटकोनात फिरावे, तसला प्रकार.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने दोन्ही पक्ष राखले. मुळात चौकोन वापरलेच पाहिजेत असे नाही. वापरलेत तर तिरपे घर पाच फुटांचेच. आणि पाच-दहाचा जुना हिशेब कोणाला हवाच असेल तर तो सूत्रधाराच्या पुस्तकात ऐच्छिक म्हणून दिलेला आहे. ही भाषा मी ओळखतो. वरून येणाऱ्या कागदाच्या शेवटी असते: 'शाखेने आपल्या स्तरावर योग्य तो निर्णय घ्यावा.' म्हणजे भांडण तुमचे तुम्ही मिटवा.

याहून मागे गेले तर चौकोन नव्हतेच. १९७४ चा मूळ खेळ सैनिकांच्या बाहुल्यांच्या लढायांतून निघाला. त्या लढाया टेबलावर फूटपट्टीने मोजून खेळत, आणि अंतरे इंचांत सांगत. नियम असा, की तळघरात एक इंच म्हणजे १० फूट आणि मोकळ्यावर एक इंच म्हणजे १० यार्ड. यार्डात तीन फूट. म्हणजे उंबरठ्याबाहेर पडताच तोच इंच तिप्पट! हे अशक्य आहे असे ज्याला वाटते त्याने सुटीच्या घंटेला शाळेच्या फाटकाशी उभे राहून बघावे.

आणि आणखी मागे गेले तर चौकोन पुन्हा आहेत. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथल्या हेलविग नावाच्या गणिताच्या मास्तरांनी १७८० मध्ये बुद्धिबळ ताणून ताणून लढाईचा खेळ केला. पटावर घरे १,६१७. कुठले घर डोंगराचे, कुठले पाण्याचे. पण घरे चौकोनी, त्यामुळे नद्या काटकोनात वळू लागल्या. ही गोष्ट प्रशियातल्या रायसवित्झ नावाच्या बापलेकांना रुचली नाही. त्यांनी घरेच काढून टाकली. लेकाने १८२४ साली खऱ्यासारखा नकाशा घेतला, मोजमाप आठ हजाराला एक ठेवले आणि निर्णय द्यायला पंच बसवला. प्रशियाच्या सैन्यात तो खेळ शिक्षण म्हणून चालला. म्हणजे चौकोनांना वास्तवाच्या नावाखाली हाकलून दोनशे वर्षे झाली, आणि तेच चौकोन माझ्या टेबलावर आमटीच्या डागाशेजारी परत येऊन बसले आहेत!

का आले परत? याचे उत्तर मला नियमपुस्तकात मिळाले नाही, काउंटरवर मिळाले. फूटपट्टीने अंतर खरे मोजता येते, पण त्यासाठी मोजणाराही खरा लागतो. कापडाच्या दुकानात मीटर सगळीकडे सारखाच असतो. दुकानदाराच्या अंगठ्याची जाडी दुकानागणिक बदलते. तीन इंच आणि एक सूत हे योद्ध्याला तीन वाटतात आणि राक्षसाला साडेतीन. चौकोनात तशी सोय नाही. तुम्ही चौथ्या घरात आहात नाहीतर पाचव्यात. चौकोन अंतराबद्दल खोटे बोलतो, पण सगळ्यांशी एकच खोटे बोलतो. म्हणून भांडण मिटते. खरेपणा थोडा दिला आणि एकमत घेतले, असा हा व्यवहार आहे. वाईट नाही.

"मग षट्कोन घेऊ या ना, बाबा!" चिरंजीव म्हणाले. इंजिनियर झाला की माणसाला प्रत्येक दुखण्यावर नवा भाग बसवावासा वाटतो. त्याचे अगदीच चूक नव्हते. अमेरिकेत अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने १९६१ साली गेटिसबर्गच्या लढाईचा खेळ षट्कोनी घरांवर काढला, आणि पुढे कितीतरी युद्धखेळ षट्कोनांवर गेले. षट्कोनाला सहा शेजारी आणि सहाही सारख्या अंतरावर. तिरपे नावाचे प्रकरणच नाही. मधमाश्या हे कुठल्याही कॉलेजात न जाता शिकल्या.

पण मी हिशेब केला तर इथेही गळती निघाली. सहा दिशांना सरळ जाता येते; त्यांच्या अधल्यामधल्या दिशेने निघालात की नागमोडी जावे लागते. दोन घरे चालावीत तेव्हा पावणेदोन घरांएवढे अंतर कटते. पंधरा टक्के जादा. शिवाय तळघराच्या खोल्या असतात चौकोनी. भिंतीलगतचे षट्कोन अर्धे कापले जातात आणि त्या अर्ध्या घरात उभा राहिलेला माणूस खोलीत आहे की भिंतीत, यावर नवे भांडण सुरू होते. सारांश, सपाट कागदावर कसलीही घरे आखा, खोटे कुठेतरी शिल्लक राहतेच. ते कुठल्या कोपऱ्यात ठेवायचे, एवढेच आपल्या हाती.

बुद्धिबळाचे लोक या बाबतीत फार शहाणे. त्यांनी हे खोटे लपवले नाही, भांडवलाला लावले. रिचर्ड रेटी नावाच्या खेळाडूने १९२१ साली एक छोटासा शेवट रचला. पांढऱ्या राजाला शत्रूचे पळत सुटलेले प्यादे गाठायचे आहे आणि आपले एकटे पडलेले प्यादेही राखायचे आहे. दोन्ही लांब, दोन्ही वेगळ्या दिशांना. व्यवहारी माणूस म्हणेल, एकाचा नाद सोड. पण राजा तिरपा निघतो. तिरपे घर सरळ घराएवढेच, त्यामुळे तो एकाच पावलात दोघांच्याही जवळ जातो आणि गेलेला डाव बरोबरीत सोडवतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा 'तुमचा राजा कर्णावरून नक्की किती फूट चालला?' असे तिला कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

कारण बुद्धिबळातला राजा 'मी धावतो' असे म्हणत नाही. त्याला घाम येत नाही, त्याचा मित्र कोपऱ्यात मरत नसतो. मुलांच्या खेळात मात्र आधी गोष्ट असते. 'दरवाजा मोडून मी आत घुसतो आणि ओरडत त्याच्याकडे धावतो,' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस धावू लागतो. मग कोणीतरी बटण उचलतो आणि मोजतो: एक, दोन, तीन, चार... धावणारा माणूस सहाव्या घरात एक पाय वर करून थिजतो. बाकीच्या सगळ्यांच्या पाळ्या होईपर्यंत तसाच. डोळ्यांपुढचे चित्र आणि चटईवरचे बटण यांची गाठ पडली की ठिणगी उडते. तक्रार चौकोनाची नसते, त्या थिजलेल्या पायाची असते.

आणि खऱ्या जगात चौकोन नसतात, असे ज्याला वाटते त्याने थेरगावात येऊन राहावे. पवनेच्या काठावर उभे राहिले की पलीकडे चिंचवड दिसते. दिसते म्हणजे हाक मारावी इतके. पण सोंगटीने नदीवरून जायचे नाही, पुलावरच्या घरातूनच गेले पाहिजे. निगडीकडे १९७२ साली प्राधिकरण आले. तिथली सेक्टरे पट्टीने आखलेली, नंबर पाहून घर सापडते. आमच्या गावठाणातल्या गल्ल्या मात्र मोडी लिपीसारख्या: लिहिणाऱ्याने एकदा सुरुवात केल्यावर टाक उचललेला नाही. डांगे चौकात रस्त्याच्या मधोमध दुभाजक. समोरचे औषधाचे दुकान साठ फुटांवर. दुचाकीवाल्याला हत्तीची चाल: सरळ जा, लांबवर वळा, सरळ परत या. पायी जाणाऱ्याला घोड्याची: दोन घरे सरळ, एक बाजूला, आणि मधल्या रिक्षावरून उडी. ते हरवलेले अर्धे घर म्हणजे रिक्षाच असावी, असे मला तिथे उभे असताना वाटले.

मुलांच्या नियमांत 'अवघड जमीन' असते: चिखल, दगड, झुडपे. तिथे एका घराला दोन घरांचा दाम पडतो. आमच्याकडे तिला आठवडेबाजार म्हणतात. शत्रूच्या शेजारच्या घरातून तुम्ही निघून जाऊ लागलात की त्याला एक फुकटचा वार मिळतो, असाही नियम आहे. मुलांना तो कृत्रिम वाटतो. संध्याकाळी साडेपाचला बॅग घेऊन मॅनेजरच्या केबिनवरून जाऊन पाहा म्हणावे.

पण चौकोनाची खरी ओळख मला २०२० साली झाली. टाळेबंदी लागली आणि बँका चालू. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा पाचशे रुपये जमा झाले, ते काढायला सकाळी सातपासून रांग. 'दो गज की दूरी', म्हणजे सहा फूट. आम्ही शाखेबाहेर चुन्याने सहा-सहा फुटांवर घरे आखली. दोन रांगा शेजारी-शेजारी केल्या तेव्हा माझ्या लक्षात आले, की तिरपे अंतर साडेआठ फूट होते आहे. म्हणजे तिरप्या शेजाऱ्याला सरळ शेजाऱ्यापेक्षा अडीच फूट जास्त आरोग्य! हे मी साहेबांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे मास्कच्या वरून पाहिले.

दहा वाजेपर्यंत ऊन चढले. अकराला मी बाहेर डोकावलो तर रांगेत माणूस नाही. घरांत चपला उभ्या. एकेका घरात एकेक जोड, कुठे पिशवी, कुठे छत्री. माणसे सगळी समोरच्या शेडखाली. रांग पुढे सरकली की कोणीतरी एक जण उठे आणि पायाने सगळ्या चपला एकेक घर पुढे ढकली. मी एका आजींना हाक मारली, "आजी, रांगेत उभ्या राहा ना." त्या तिथूनच म्हणाल्या, "माझी चप्पल हाय की उभी!" आणि खरोखरच, त्यांची पाळी आली तेव्हा शंभर माणसांत एकानेही तक्रार केली नाही. तो जोड झिजलेला आणि एका बाजूचा अंगठा तुटलेला होता. पण घर त्याचे होते. सोंगटी माणसासारखी दिसावी लागत नाही. तिचा हक्क सगळ्यांनी मानला म्हणजे पुरे.

हे सगळे मला त्या शनिवारी रात्री आठवले, कारण तोवर भांडण तिरप्या घरावरून पुढे गेले होते. वास्तववादी तट आता जोरात होता. एक जण म्हणाला, खरेपणा आणायचाच तर पूर्ण आणा. जखमी माणसाला सहा घरे कशी? तीन द्या. चिलखत घातलेल्याला पाच. चढावर चार. पायाला लागले असेल तर दोन. हे सगळे एका वहीत उतरूनही झाले होते. रकाने सुबक होते, मला आवडले.

चौथा मित्र तोवर गप्प होता. त्याच्याबद्दल सांगायचे राहिले. दोन वर्षांपूर्वी त्याची मोटरसायकल घसरली. मांडीत सळई आहे, कुबडी घेऊन चालतो. आमची लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद असते आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाकीचे तिघे प्रत्येक वळणावर त्याच्यासाठी थांबतात आणि थांबलो नाही असे दाखवायला मोबाइल काढून बघतात. खेळात त्याने घेतलेले पात्र म्हणजे चोर. पटावरचा सगळ्यांत चपळ गडी.

तो म्हणाला, "काका, रिअ‍ॅलिझम मला जिन्यावर मिळतो. इथे मला सहा घरं मिळतात, सगळ्यांना मिळतात तेवढीच. आणि माझी चाल होईपर्यंत सगळे थांबतात. मी हळू आहे म्हणून नाही, तसा नियम आहे म्हणून."

कोणी काही बोलले नाही. वही लिहिणाऱ्या मुलाने टोपण लावून पेन खिशात ठेवले.

मग तोच पुढे म्हणाला, "पण तिरप्या घराचे पैसे लावा. फुकटचे बारा फूट नकोत मला."

यानंतर निर्णय द्यायला पायथागोरसची गरज नव्हती. मी वहीचे पान उलटून लिहिले: एक, पात्र कोणतेही असो, जखमी असो की धडधाकट, सहा घरे प्रत्येकाची. दोन, पहिले तिरपे घर पाच फुटांचे, दुसरे दहाचे, आणि याप्रमाणे पुढे. तीन, यात सहा टक्के चूक आहे, ती सर्वांस माहीत आहे आणि सर्वांस सारखी लागू आहे. खाली सही केली. शिक्का घरी नसतो, नाहीतर मारला असता.

मोजमाप म्हटले की चूक आलीच. व्याज आकारताना आम्हीही शेवटचे पैसे इकडचे तिकडे करतोच. पण कसे करणार ते आधी ठरलेले असते आणि शेटजी असोत की शिपाई, दोघांना एकच रीत. चुकीचा राग माणसाला येत नाही. समोरच्याला वेगळी चूक लावली की येतो. जगात प्रत्येकाला त्याच्या पायांच्या मानाने घरे वाटलेली असतात, ती वाटणी बदलणे माझ्या अधिकारात नाही. तीन बाय चार फुटांच्या टेबलावर मात्र आहे, आणि तिथे मी ती बदललेली आहे.

मांत्रिकाचे काय झाले, असे आपण विचाराल. नव्या हिशेबाने योद्धा चौथ्या घरात अडकला. चोर मात्र जवळ होता. तीन घरे सरळ, दोन तिरपी, पंधरा अधिक पंधरा, बरोबर तीस फूट. त्याने राक्षसाला पाठीमागून गाठले, वीस बाजूंचा फासा टाकला आणि वीस पडले. पोरांनी असा गिल्ला केला की खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी झाडूच्या दांड्याने छत ठोकले.

सकाळी सौभाग्यवतींनी रणांगणावरून राक्षस उचलला, पुसला आणि फोडणीच्या डब्याशेजारी ठेवून दिला. रविवारच्या आमटीला वास हिंगाचाच आला. एवढे वास्तव मला पुरते.